परिशिष्टातलं एक पद

आमच्या महापालिकेतलं मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचं पद रद्द करण्याचा प्रस्ताव २०१९ च्या पावसाळ्यात महासभेपुढे आला. मी तेव्हा पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका, तीही सत्ताधारी पक्षाची. शहराचं नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच नोकरीत आहेत, त्यांना माझ्यामुळे ताप नको. एखादं पद कसं जातं आणि कसं वाचतं, याबद्दल मला तेव्हा कुठे काही वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

प्रस्तावाच्या नावात अग्निशमनाचा उल्लेखही नव्हता. विषयपत्रिकेवर छापलं होतं, 'सुधारित आकृतिबंधास मान्यता देणेबाबत.' आकृतिबंध म्हणजे कोणत्या विभागात कोणती आणि किती पदं, याचा आराखडा. गोषवारा दोन पानांचा आणि त्याला जोडलेलं परिशिष्ट जाडजूड. परिशिष्टात तक्ता: पदनाम, मंजूर, कार्यरत, रिक्त, प्रस्तावित, शेरा. असली परिशिष्टं सभागृहात कुणी वाचत नाही. मी पानं उलटत होते ती माझ्या प्रभागातल्या दवाखान्याला परिचारिकेचं पद मिळतंय का हे बघायला. ते मिळालं नव्हतंच. आरोग्य विभाग संपला की पुढचं पान अग्निशमनाचं, आणि त्याची पहिलीच ओळ: मुख्य अग्निशमन अधिकारी, १, १, ०, ०. शेऱ्यात लिहिलं होतं, 'पदधारक नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाल्यावर पद व्यपगत.' साहेब त्याच वर्षाअखेर निवृत्त होणार होते, म्हणजे जानेवारीपासून पदच उरणार नव्हतं.

आकृतिबंध सुधारणं हे काही पाप नाही. आमच्याकडे टंकलेखकांची पदं अजून मंजूर होती आणि टाइपरायटर कधीच भंगारात गेले होते. त्यात सातव्या वेतन आयोगाचा बोजा अंगावर येणार होता. राज्य शासनाने आस्थापना खर्चाला, म्हणजे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या पगारावरच्या खर्चाला, ३५ टक्क्यांची मर्यादा घालून दिली आहे. त्यापुढे गेलात की भरतीच्या प्रत्येक प्रस्तावाला मंत्रालयातून पहिला प्रश्न त्याचाच येतो. आम्ही ती मर्यादा कधीच ओलांडली होती. तेव्हा कुठेतरी कात्री लागणार हे मलाही मान्य होतं.

आस्थापना बघणाऱ्या उपायुक्तांना भेटले. माणूस हुशार आणि बोलायला सरळ. त्यांनी बसवून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, लॉगबुक मागवून बघा. गेल्या वर्षभरात साहेब स्वतः किती आगींवर गेले ते मोजा. आग फायरमन विझवतो आणि तिथे हुकूम देतो स्थानक अधिकारी. वर जो बसलाय तो फायलींवर सह्या करतो. सह्या करायला मी आहे की."

"म्हणजे अग्निशमन विभाग तुमच्याकडे येणार?"

"अतिरिक्त कार्यभार. असेही माझ्याकडे पाच विभाग आहेत."

मी लॉगबुक मागवलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. मोठ्या वर्दी, म्हणजे मोठ्या आगींची बोलावणी, सोडली तर साहेबांचं नाव क्वचितच दिसत होतं.

मग अग्निशमन केंद्रात गेले. तिथे मला वाटलं होतं की साहेबांच्या बाजूने सगळे उभे राहतील. तसं काहीच झालं नाही. युनियनचे प्रतिनिधी असलेले एक लीडिंग फायरमन होते, तीसेक वर्षं नोकरी झालेले. ते म्हणाले, "ताई, वरचा एक साहेब कमी झाला तर आमचं काही अडत नाही. आम्हाला गाडीवर माणसं द्या. रात्रीच्या पाळीला ड्रायव्हर आणि दोघं, एवढ्यावर गाडी बाहेर काढतो आम्ही. पाण्याचा दाब चढला की ब्रँच, पाइपच्या टोकाची नळी, धरायलाच दोघं लागतात. मग पायरीवरून आत कोण जाणार? ड्रायव्हर पंप सोडून येणार काय?" बोलता बोलता त्यांनी शेल्फवरची होज, म्हणजे पाणी मारायचा लांब पाइप, खाली ओढली आणि कपलिंगजवळची चीर दाखवली. चिंधी बांधून ती चालवत होते. त्यांच्या मते एका मोठ्या पदाच्या पगारात दोन फायरमन तरी बसतील, आणि तसं झालं तर संघटना प्रस्तावाला पाठिंबा देईल. आस्थापना विभागातल्याच कुणीतरी त्यांना तसं सूचित केलेलं होतं. लेखी काही नव्हतं.

आता पंचाईत अशी की दोन्ही बाजूंचं म्हणणं पटण्यासारखं होतं. साहेब आगीवर जात नाहीत हे खरं, गाडीवर माणसं नाहीत हेही खरं. मग हा माणूस दिवसभर करतो काय, एवढाच प्रश्न माझ्यापुढे उरला. तो मी त्यांनाच जाऊन विचारला.

साहेब फार कमी बोलणारे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेले, तिथली शिस्त अंगात मुरलेली. पदाचा विषय काढताच म्हणाले, "माझं काय ताई, मी तर जाणारच आहे. त्याबद्दल मी बोलणं बरं दिसणार नाही." आणि तो विषय त्यांनी तिथेच संपवला. मात्र दुसऱ्या दिवशी तपासणीला येता का, असं विचारलं. सुरतच्या तक्षशिला इमारतीतल्या आगीला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. २४ मे २०१९ ला तिथे क्लासला आलेली २२ मुलं गेली, त्यातल्या काहींनी वरून उड्या मारल्या होत्या. ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली. त्यानंतर आमच्याकडेही क्लासेसच्या इमारती तपासायचं काम चालू होतं.

आम्ही गेलो ती इमारत माझ्या नेहमीच्या रस्त्यावरची. खाली दुकानं, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर खाजगी रुग्णालय, त्यावर ऑफिसं आणि सगळ्यात वर क्लास. बाहेरून झकपक. भिंतीवर लाल पेट्या, लाल पाइप, बाणांच्या हिरव्या पाट्या, सगळं जागच्या जागी. मला तर ती इमारत अगदी नियमात वाटली.

साहेब आधी वर गेलेच नाहीत. तळघरात पंपाच्या खोलीत शिरले. खोलीत रुग्णालयाच्या मोडक्या खाटा रचून ठेवलेल्या, त्यांच्यामधून आडवं होऊन पॅनेलपर्यंत पोहोचावं लागलं. त्यांनी खिशातून टॉर्च काढून पॅनेलवर धरला. तीन स्विच होते, मुख्य पंप, पाइपमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप आणि डिझेल पंप. तिन्ही 'मॅन्युअल'वर. दाबाच्या घड्याळाचा काटा शून्यावर टेकलेला. मला काही कळलं नाही हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, "पाइपमध्ये पाणी कायम दाबाखाली हवं. वर कुणी व्हॉल्व्ह उघडला की दाब पडतो आणि पंप आपोआप सुरू होतो. त्यासाठी हे 'ऑटो'वर लागतं. हे 'मॅन्युअल'वर आहे म्हणजे आग लागल्यावर कुणीतरी या खाटांमधून इथवर यायचं आणि हाताने बटण दाबायचं." वॉचमन म्हणाला, जॉकी पंप सारखा चालू व्हायचा, बिल यायचं, म्हणून सेठने बंद करायला सांगितलं. साहेब त्याच्यावर ओरडले नाहीत. सारखा चालू होतो म्हणजे पाइपला कुठेतरी गळती आहे, ती शोधा, एवढंच म्हणाले.

मग लिफ्टने नाही, जिन्याने वर. प्रत्येक मजल्यावर पेटी उघडायची, आत होज आणि नोझल आहे का बघायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीत झाडू आणि फिनेलचा कॅन निघाला. सगळ्यात वरच्या हायड्रंटला, म्हणजे होज जोडायच्या नळाला, पंप चालू असताना दर चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलोच्या आसपास दाब हवा असतो. तिथला व्हॉल्व्ह त्यांनी पूर्ण उघडला. आधी हवा सुसकारली, मग तांबडं पाणी टिपकलं. गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे, तर क्लासच्या सरांकडे, आणि सर त्या दिवशी आले नव्हते. क्लासच्या वर्गात शेजारी शेजारी चिकटून बसलेली पोरं आमच्याकडे वळून बघत होती, दोघी-तिघी हसत होत्या.

खाली आल्यावर साहेबांनी मालकाच्या माणसाकडे 'नमुना ब' मागितला. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. प्रमाणपत्र होतं, जानेवारीचं, शिक्क्यासकट. त्यात सगळं 'समाधानकारक' होतं.

कागद घडी घालून परत देताना साहेब मला म्हणाले, "हे असं प्रमाणपत्र आलं की ऑफिसात बसलेल्या माणसाला सगळं ठीकच वाटणार ना, ताई?"

त्यांनी स्वतःच्या पदाबद्दल माझ्याशी केलेलं भाषण म्हणायचं तर एवढंच.

त्या रात्री मी कायदे घेऊन बसले. १९४९ च्या महापालिका अधिनियमात अग्निशमन हे बंधनकारक कर्तव्यांत येतं. रंगमंदिर बांधणं न बांधणं आपल्या मर्जीवर, बंब ठेवणं नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांकडे द्यायच्या १८ विषयांत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. हे भाषणात टाळ्या घ्यायला ठीक, त्याने पद वाचत नाही. खरी मेख २००६ च्या कायद्यात होती. इमारतीत शिरून तपासणी करायचा, नोटीस काढायचा, ऐकलं नाही तर वीज-पाणी तोडायला लावायचा आणि इमारत रिकामी करायला लावायचा अधिकार तो कायदा राज्याच्या अग्निशमन सेवेच्या संचालकांना किंवा मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला देतो. नामनिर्देशित अधिकाऱ्याचीही सोय आहे, पण तोही अग्निशमनातला जाणकार हवा. पाच विभागांचा कार्यभार असलेल्या उपायुक्ताने काढलेली नोटीस कोर्टात टिकेल का, असं मी आमच्या विधी अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "तपासून सांगतो." मी सभेच्या दिवसापर्यंत विचारत राहिले आणि ते तपासत राहिले.

आणखी एक गोष्ट हाती लागली. नवीन पद निर्माण करायला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. म्हणजे आज एका ठरावाने घालवलेलं पद उद्या परत हवं झालं तर प्रस्ताव मंत्रालयात, आणि तिथे ३५ टक्क्यांचा प्रश्न पुन्हा दारात उभा. सोडून दिलेली भाड्याची खोली परत मागायला गेल्यासारखं ते. दर वेगळा, अटी वेगळ्या, आणि मिळेलच याची खात्री नाही.

सभेच्या आदल्या दिवशी पक्षाची बैठक झाली. सभागृह नेते, त्यांना आम्ही सगळे भाऊच म्हणायचो, विषय भराभर उरकत होते. आकृतिबंधाचा विषय आला तसं ते म्हणाले, "हा आयुक्तांचा विषय आहे, मंजूर करून द्यायचा." मी म्हटलं, बाकी सगळ्याला माझी हरकत नाही, या एका ओळीला उपसूचना, म्हणजे दुरुस्ती, देणार. भाऊंनी चष्मा काढला. "ताई, तुम्ही नवीन आहात. आयुक्तांनी रस्त्यांची यादी घ्यायची कबूल केलीय. त्यात तुमच्याही प्रभागाचे दोन रस्ते आहेत." धमकी म्हणता येणार नाही, पण मी ते विसरू नये अशा पद्धतीने सांगितलं होतं. व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला असता तर १९८६ च्या अनर्हता (अपात्रता) कायद्याने माझे हात बांधले गेले असते. तो निघाला नाही. बंबवाल्यांच्या पदासाठी व्हीप काढणं भाऊंना हास्यास्पद वाटलं असावं. उठताना म्हणाले, "बोला काय बोलायचं ते. फक्त लांबवू नका, मला संध्याकाळी लग्न आहे."

सभेत आमचा विषय यायला दुपार झाली. त्याआधी नालेसफाईवर इतका गोंधळ झाला होता की निम्मे सदस्य चहाला बाहेर गेले होते. प्रेक्षक गॅलरीत युनियनचे लोक गणवेशात येऊन बसले होते. नगरसचिवांनी विषय वाचला, मागून सवयीने दोन आवाज आले, "मंजूर, मंजूर!" मी उभी राहिले आणि बोलायची परवानगी मागितली.

मी भाषण लिहून नेलं होतं. ते मी वाचलं नाही. प्रशासनाला दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की हे पद रद्द झाल्यावर वाचणाऱ्या पैशातून किती फायरमन भरणार आहात आणि कधी? उपायुक्त उठले, शेजारच्या अधीक्षकांशी कुजबुजले आणि म्हणाले, "महापौर महोदय, आस्थापना खर्च मर्यादेबाहेर असल्याने सद्यःस्थितीत अग्निशमन विभागात भरतीचा कोणताही प्रस्ताव प्रशासनाच्या विचाराधीन नाही."

गॅलरीत खळबळ झाली. माझ्या अंदाजाने सभेचा निकाल तिथेच लागला, पुढचं सगळं शोभेचं. ते लीडिंग फायरमन उभे राहिले होते, शिपायाने त्यांना हाताला धरून बसवलं.

दुसरा प्रश्न मी विचारायच्या आतच विरोधी बाकावरचे ज्येष्ठ सदस्य उठले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. चार वेळा निवडून आलेले, बोलायला लागले की गावाचा इतिहास काढायचे. त्यांनी मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटापासून सुरुवात केली, १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन का पाळतात ते सांगितलं, सभागृहात दोघं-तिघं पेंगू लागले. मग एकदम उपायुक्तांकडे वळले.

"साहेब, एखाद्या दवाखान्याला उद्या नोटीस काढायची झाली. सही कुणाची?"

"कार्यभार माझ्याकडे राहील, त्यामुळे माझी."

"बरं. त्या दवाखान्याचे मालक रात्री फोन करून म्हणाले की आमच्याकडे सगळं नीट आहे, हे बघा प्रमाणपत्र. तर तुम्ही काय बघणार?"

"स्थानक अधिकाऱ्यांचा अहवाल मागवीन."

"आणि स्थानक अधिकारी त्या वेळी आगीवर असले तर?"

उपायुक्त हसले, काही बोलले नाहीत. अण्णा खाली बसले.

एका गोष्टीची नोंद मात्र करायला हवी. प्रस्तावाच्या बाजूने बोलणारे एक सदस्य बांधकाम व्यवसायातले होते. त्यांनी अग्निशमन दाखल्यांच्या फायली महिनोन्‌महिने अडकून पडतात, एकाच सहीसाठी सगळं शहर थांबतं, असं तावातावाने सांगितलं. त्यांचा स्वार्थ सगळ्यांना माहीत होता, पण तक्रारीत तथ्य होतं. साहेब एकेक फाईल स्वतः वाचायचे आणि त्यांच्या हाताखाली वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. उशिराचं कारण पद असण्यात होतं की त्याच्याखालची दोन पदं वर्षानुवर्षं रिकामी असण्यात, हे विचारायला हवं होतं. त्या दिवशी कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

महापौरांनी साहेबांना बोलायला सांगितलं. ते उठले, टोपी काखेत, आणि सांगितलं की गेल्या जानेवारीत आलेल्या 'नमुना ब' प्रमाणपत्रांपैकी ज्या इमारती त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या, त्यांपैकी बहुतांश ठिकाणी यंत्रणा बंद होती. यादी फायलीत जोडली आहे. धन्यवाद. आणि बसले. यादीत कुणाकुणाच्या इमारती आहेत, हे सभागृहातल्या काही जणांना नक्की माहीत असावं. कारण त्या यादीचं वाचन करा, अशी मागणी अण्णांनी केली तेव्हा दोन्ही बाजूंनी एकदम "नको, नको, वेळ नाही" असं झालं.

मग मी उपसूचना वाचली. आदल्या रात्री नगरसचिव कार्यालयातल्या एका जुन्या लिपिकाकडून मी ती भाषा बसवून घेतली होती, कारण उपसूचनेत एक शब्द इकडचा तिकडे झाला की ठरावाचा अर्थ बदलतो हे त्यांनीच मला शिकवलं. 'परिशिष्टातील अग्निशमन विभागाचे अनुक्रमांक १ येथील पद व्यपगत न करता कायम ठेवण्यात यावे, सदर पद भरण्याबाबतची कार्यवाही पदधारकाच्या सेवानिवृत्तीपूर्वी सुरू करण्यात यावी व उर्वरित आकृतिबंधास मान्यता देण्यात यावी.' अनुमोदन अण्णांनी दिलं. माझ्या बाकावरून कुणीतरी "अरे वा" म्हणालं, ते कौतुकाने नव्हे.

भाऊंनी घड्याळ बघितलं, गॅलरीकडे बघितलं आणि महापौरांना मान हलवून खूण केली. मतदान झालंच नाही. "विषय उपसूचनेसह मंजूर," महापौर म्हणाले आणि पुढचा विषय सुरू झाला, तो भटक्या कुत्र्यांचा.

मला वाटलं, झालं काम. पण ठरावाची प्रत हाती आली तेव्हा त्यात पद कायम ठेवण्याचं वाक्य होतं आणि 'भरण्याबाबतची कार्यवाही' हे वाक्य गायब. टायपिंगमध्ये राहिलं, असं उत्तर मिळालं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय पुढच्या सभेत पहिला असतो. त्या वेळी उभं राहून दुरुस्ती सुचवावी लागते, नाहीतर चुकलेलं तेच कायम होतं. बहुतेक सदस्य तेव्हा सभागृहात पोहोचलेलेही नसतात. मी लवकर जाऊन बसले आणि ते वाक्य परत घालून घेतलं. आयुक्तांना ठराव मान्य नसता तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो विखंडित, म्हणजे रद्द, करण्यासाठी ते शासनाकडे पाठवू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. पुढे काय झालं ते पाहता त्याची त्यांना गरजच नव्हती.

डिसेंबरअखेर साहेब निवृत्त झाले. खात्यातून पदोन्नतीने कुणी पात्र नव्हतं, कारण वरच्या पदाला लागणाऱ्या नागपूरच्या अभ्यासक्रमाला गेल्या कित्येक वर्षांत आमच्या कुणाला पाठवलंच नव्हतं. सरळसेवेने, म्हणजे बाहेरून थेट भरती करून, भरायचं तर सेवाप्रवेश नियमांना शासनाची मंजुरी हवी, ती फाईल मुंबईला गेली आणि तिथेच बसली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पद शाबूत होतं आणि खुर्ची रिकामी. कार्यभार स्थानक अधिकाऱ्याकडे दिला. तो तरुण मुलगा रात्री वर्दीवर जायचा आणि दिवसा दाखल्यांच्या फायलींवर 'प्रभारी' म्हणून सह्या करायचा. भाऊ मला ऑनलाइन सभेनंतर फोन करून चिडवायचे, "काय ताई, वाचवलंत ना पद? आता त्याला ओवाळा." त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. त्या आठवड्यात राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश सुटले आणि आमच्या महापालिकेत एकच धावपळ उडाली, कारण तपासणी करून सही करायला एकच प्रभारी होता आणि रुग्णालयं शहरभर, त्यातली कितीतरी कोविडची. आयुक्तांनी दुसऱ्या एका महापालिकेतून अधिकारी प्रतिनियुक्तीवर मागवला. मंजूर पद रिक्त होतं म्हणून ही मागणी लगेच मान्य झाली. पदच नसतं तर त्या माणसाला कुठे बसवणार आणि पगार कोणत्या लेखाशीर्षातून काढणार, हे प्रश्न सुटेपर्यंत महिने गेले असते. उपायुक्तांनी स्वतः मला हे सांगितलं. तेव्हाही ते सरळच बोलले.

नवे साहेब आधीच्यांच्या अगदी उलट. बोलघेवडे, मोबाईलवर फोटो काढत फिरणारे. त्यांनी जुन्या साहेबांच्या त्या यादीपासून सुरुवात केली आणि इमारतींना धडाधड नोटिसा लावल्या. वर क्लास असलेली ती इमारतही त्यात होती. तिथला वॉचमन मला रस्त्यात भेटला, म्हणाला, ताई, खाटा हलवल्या, पण गळती अजून सापडली नाही.

त्याच सुमारास एका संध्याकाळी भाऊंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ताई, तुमच्या त्या फायरच्या साहेबांना जरा सांगा ना. आमच्या मेव्हण्याच्या मंगल कार्यालयाला नोटीस आलीय. लग्नसराई तोंडावर आहे."

मी म्हटलं, "भाऊ, ते माझे साहेब कसे? आणि मी सांगून ते ऐकतील असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही ऐकत हो," भाऊ वैतागून म्हणाले, "कुणाचंच ऐकत नाही तो. वीज तोडायचं पत्र काढलंय."

मी त्यांना परवानाधारक संस्थांची यादी कुठे मिळते ते सांगितलं.